उसनें दुःख

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मी वर्गांत अनुकरणाविषयीं बोलत होतों. विषय जुनाच. दुसऱ्याकडून घेतलेली वस्तु कलावंताची स्वतःची केव्हां होते आणि केव्हां ती नुसती उचललेली राहते, हा वाद प्राचीन रोमन साहित्यशास्त्रज्ञांपासून चालत आलेला आहे, आणि आमच्या अभ्यासक्रमांतून तो अद्यापि गेलेला नाहीं. उदाहरण देण्याची वेळ आली तेव्हां जिभेच्या टोंकावर होतें तें मी बोलून गेलों. अमेरिकेंतील ‘ग्रंज’ संगीत तें अस्सल, त्याच्या पाठोपाठ आलेलें ‘पोस्ट-ग्रंज’ संगीत ती नक्कल. आणि नकलेचा कळस पाहावयाचा असेल, तर कॅनडांतील निकलबॅक नांवाचा बँड ऐकावा! वर्ग हंसला. या बँडची टर उडविणें हा गेलीं वीस वर्षें जगभर चाललेला विनोद आहे. तेव्हां त्या हंशासाठीं मला कांहीं बुद्धि खर्च करावी लागली असें नाहीं.

तास संपल्यावर एक विद्यार्थी मागें रेंगाळला. मुलगा अबोल, वर्षभरांत त्यानें मला एकही प्रश्न विचारला नव्हता. तो म्हणाला, “सर, मी तो बँड ऐकतों. त्यांचें ‘टू बॅड’ म्हणून एक गाणें आहे. माझे वडील आम्हांला सोडून गेले तेव्हां मी आठवींत होतों. त्या वर्षीं मी तें रोज ऐकत असें. ती नक्कल आहे हें मला माहीत नव्हतें.” त्याच्या स्वरांत उपरोध नव्हता, हें विशेष. उपरोध असता तर मला उत्तर सुचलें असतें. ज्याच्या आधारावर एक वाईट वर्ष काढलें तें नाणें खोटें होतें, असें एखाद्यास उशिरां कळावें आणि त्यानें तें निमूटपणें मान्य करावें, तसा तो उभा होता. मीं कांहींतरी सारवासारव केली व तेथून निघून आलों.

हा लेख त्या सारवासारवीबद्दल आहे. परंतु त्या मुलाचा व माझा हिशेब नीट मांडावयाचा, तर ज्या वाचकांच्या कानांवर हें संगीत कधींच पडलेलें नाहीं त्यांस तें काय आहे हें आधीं सांगितलें पाहिजे. आणि तें सांगणें मला मनापासून आवडतें, हेंही कबूल केलें पाहिजे.

अमेरिकेच्या वायव्य टोंकाला सिॲटल नांवाचें बंदर आहे. पावसाबद्दल व ढगाळ आकाशाबद्दल तें प्रसिद्ध, आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस या संगीताच्या बड्या पेठांपासून बरेंच दूर. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील तरुणांनीं पंक संगीताचा उद्धटपणा आणि हेवी मेटल संगीताचा जडपणा एकत्र करून जें रसायन तयार केलें, त्यास ग्रंज हें नांव पडलें. ग्रंज म्हणजे मळ, कळकटपणा. विद्युत्-गिटारचा आवाज यंत्राच्या साहाय्यानें मुद्दाम फाटका केलेला. कडवें हलक्या आवाजांत, जवळजवळ पुटपुटत. आणि ध्रुवपद आलें कीं एकाएकीं धरण फुटावें तसा कल्लोळ. शब्दांचा अर्थ पुष्कळदां लागत नाहीं, आणि तो लागावा अशी कवीची इच्छाही दिसत नाहीं. निर्वाणा या बँडचा ‘ब्लीच’ हा पहिला अल्बम १९८९ सालीं निघाला. त्याच्या ध्वनिमुद्रणास सुमारें ६०० डॉलर खर्च आला होता. याच बँडचा ‘नेव्हरमाइंड’ २४ सप्टेंबर १९९१ रोजीं प्रसिद्ध झाला, आणि जानेवारी १९९२ मध्यें त्यानें मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागें सारून अमेरिकेंतील विक्रीच्या यादींत पहिला क्रमांक मिळविला. पर्ल जॅम, साउंडगार्डन, ॲलिस इन चेन्स हीं त्याच शहरांतील बाकीचीं मोठीं नांवें.

या मंडळींचा एक नैतिक आग्रह होता, आणि पुढच्या सर्व वादाचें मूळ तोच आहे. यश हें त्यांच्या दृष्टीनें संशयास्पद होतें. गाणें अंतरांतून, आणि शक्य तर स्वतःच्या इच्छेविरुद्ध, बाहेर पडलें पाहिजे. लोकांस आवडावें म्हणून तें रचलें कीं बाटलें. पर्ल जॅमनें १९९२ नंतर कांहीं वर्षें गाण्यांच्या चित्रफिती काढण्याचेंच सोडून दिलें, आणि १९९४ सालीं टिकिटमास्टर या बलाढ्य कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या न्यायखात्याकडे तक्रार नेली. परंतु बाजार हा मोठा समजूतदार प्राणी आहे. त्याला तुमचा तिरस्कारही विकतां येतो. १९९२ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क टाइम्सनें ग्रंज तरुणांच्या खास बोलीचा एक छोटा शब्दकोश छापला. तो सगळा बनावट होता! सिॲटलच्या सब पॉप या ध्वनिमुद्रिका-कंपनींत पूर्वीं काम केलेल्या एका तरुणीनें बातमीदाराची गंमत करण्यासाठीं ते शब्द बसल्या बसल्या रचून दिले होते. त्याच सुमारास फॅशनच्या रंगमंचावर लाकूडतोड्यांच्या फ्लॅनेल शर्टाची रेशमी आवृत्ति अवतरली. अस्सलपणाची नक्कल व्हावयास पोस्ट-ग्रंजची वाट पाहावी लागली नाहीं, ती अशी.

५ एप्रिल १९९४ रोजीं निर्वाणाचा गायक व कवि कर्ट कोबेन यानें वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं आत्महत्या केली. त्या मृत्यूनें त्याच्या गाण्यांवर जणूं खरेपणाची मोहोर उठविली. ज्यानें दुःख गाइलें तो दुःखानें मेला, तेव्हां तें दुःख खरें होतें, असा हा हिशेब. या हिशेबांत एक भयंकर गोष्ट दडलेली आहे. ती ही कीं जो गायक जगला, सावरला, संसाराला लागला, तो त्याप्रमाणें खोटा ठरतो. पोस्ट-ग्रंजवरील बऱ्याचशा टीकेच्या बुडाशीं हा न बोललेला हिशेब आहे, असें मला वाटतें.

पोस्ट-ग्रंज हें नांव टीकाकारांनीं दिलेलें, आणि कौतुकानें दिलेलें नव्हे. ग्रंज ऐकून मोठे झालेले, अथवा तें खपत आहे हें पाहून जागे झालेले, असे अनेक बँड १९९३-९४ पासून पुढें आले. सामग्री तीच: फाटकी गिटार, हलकें कडवें, गर्जणारें ध्रुवपद, छातींतून काढलेला किंचित् घोगरा पुरुषी आवाज. गिटारची सर्वांत जाड तार एक पूर्ण स्वर उतरवून ठेवण्याची ग्रंजमधील युक्तिही त्यांनीं उचलली. तसें केलें म्हणजे एक बोट आडवें दाबलें तरी जाड तारांतून एक भरघोस, काळोखा नाद निघतो. फरक आहे तो सफाईचा. पूर्वीं जेथें खरखर होती, बेसूर किंकाळी होती, निरर्थक ओळ होती, तेथें आतां सर्व घांसूनपुसून लख्ख केलेलें. एकच गिटार दोनदां-तीनदां मुद्रित करून एकावर एक बसविलेली. शब्दांचा अर्थ पहिल्याच ऐकण्यांत लागणारा. विषयही बदलले. निराशेच्या जागीं निराशेंतून वर येण्याची धडपड आली. तुटलेलें घर, दूर गेलेला बाप, जन्मास येणारें मूल, देव, पश्चात्ताप, असे संसारी विषय आले.

आतां आरोपी कोण कोण, तें पाहूं. गंमत अशी कीं आरोप एकच असला तरी प्रत्येकाला तो निराळ्या ठिकाणीं लागतो. कँडलबॉक्स हा बँड तर प्रत्यक्ष सिॲटलचा; त्याचा पहिला अल्बम १९९३ चा; तरी गांवानें त्याला आपला म्हटलें नाहीं. बुश हा लंडनचा. १९९४ च्या अखेरीस निघालेला त्याचा ‘सिक्स्टीन स्टोन’ अमेरिकेंत लाखांनीं खपला, आणि जितका खपला तितका निर्वाणाची नक्कल म्हणून हिणवला गेला. यावर बुशनें काय करावें? निर्वाणाच्या ‘इन युटेरो’चें ध्वनिमुद्रण ज्या स्टीव्ह अल्बिनीनें केलें होतें, त्यालाच गांठून त्यांनीं आपला १९९६ चा अल्बम मुद्रित करून घेतला. चोरीचा आळ आल्यावर त्याच सोनाराकडे जाऊन तसलाच दागिना उघडपणें घडवून घ्यावा, असें हें झालें. मला त्यांतलें धाडस आवडतें; अल्बम तितकासा आवडत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील न्यूकॅसलच्या सिल्व्हरचेअरचा ‘फ्रॉगस्टॉम्प’ १९९५ सालीं निघाला तेव्हां त्या बँडमधील तिघेही पंधरा वर्षांचे होते. पंधराव्या वर्षीं कोण नक्कल करीत नाहीं? पुढें २००२ सालीं याच मुलांनीं वाद्यवृंदाची साथ घेऊन ‘डायोरामा’ काढला, आणि त्यांत सिॲटलची आठवणही उरली नव्हती.

आणि डेव्ह ग्रोल? हा निर्वाणाचाच ड्रमवादक. मित्राच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनीं, ऑक्टोबर १९९४ मध्यें, सिॲटलच्या एका स्टुडिओंत जाऊन त्यानें आठवड्याभरांत एक अख्खा अल्बम मुद्रित केला, आणि एका गाण्यांतील गिटारचा तुकडा सोडला तर सर्व वाद्यें स्वतःच वाजविलीं. त्यावर स्वतःचें नांव न घालतां त्यानें ‘फू फायटर्स’ असें अनेकवचनी नांव घातलें. बँड तेव्हां अस्तित्वांतच नव्हता. हा मनुष्य ग्रंजचा वारस म्हणावा, कीं नक्कलकार म्हणावा? त्याच्या गाण्यांत सफाई आहे, गोडवा आहे, जगण्याची हांव आहे. पोस्ट-ग्रंजचीं सर्व लक्षणें आहेत. तरी उसनवारीचा दोष त्याला सहसा कोणी देत नाहीं, कारण दुःख त्याच्या घरचें होतें. म्हणजे आपण न्याय करतों तो गाणें ऐकून करतों, कीं गाणाऱ्याचा दाखला पाहून?

या प्रश्नाला सर्वांत विलक्षण वळण देणारा बँड मात्र निराळाच आहे. पेन्सिल्व्हेनियांतील यॉर्क गांवच्या ‘लाइव्ह’ या बँडचा ‘थ्रोइंग कॉपर’ हा अल्बम १९९४ मध्यें निघाला आणि पुढल्या वर्षीं यादींत पहिला आला. त्यापूर्वींच्या, १९९१ च्या अखेरीस निघालेल्या त्यांच्या ‘मेंटल ज्वेलरी’ या अल्बममागें प्रेरणा होती ती, वाचकांस आश्चर्य वाटेल, जिद्दू कृष्णमूर्तींच्या विचारांची. विशीच्या आंतबाहेरच्या अमेरिकन पोरांनीं मदनपल्लीस जन्मलेल्या या तत्त्वचिंतकाचीं पुस्तकें वाचावीं आणि त्यांवर गिटार छेडावी, ही घटना गंमतीची आहेच. पण ती विचार करण्याजोगीही आहे. कृष्णमूर्तींचा जन्म एकच गोष्ट सांगण्यांत गेला. गुरु नको, ग्रंथ नको, परंपरा नको. माणूस दुसऱ्यांच्या अनुभवांवर उसनें जगत आला आहे, तें जगणें सुटल्याखेरीज सत्य दिसावयाचें नाहीं. त्यांस जगद्गुरु ठरवून त्यांच्यासाठीं उभारलेला ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ हा संघ त्यांनीं १९२९ सालीं स्वतःच विसर्जित केला, तो याच बुद्धीनें. आतां उसनें जगूं नका हा उपदेशच जर कोणी उसना घेतला, तर त्यास काय म्हणावें? हा शब्दच्छल नव्हे. मुंबईस व मद्रासेस त्यांचीं व्याख्यानें वर्षानुवर्षें ऐकणारे श्रोते याच कोड्यांत सांपडलेले होते, आणि त्यांना आपण ढोंगी म्हणत नाहीं. मला तरी एवढेंच दिसतें कीं कोणतीही गोष्ट प्रथम कळते ती दुसऱ्याच्या शब्दांत कळते; स्वतंत्र होण्याची इच्छासुद्धां कोणाकडून तरी शिकावी लागते. (‘मेंटल ज्वेलरी’ हा अल्बम म्हणून फारसा चांगला नाहीं. उपदेशाचा भार गाण्यास पेलला नाहीं, असें माझें मत आहे.)

१९९७ नंतरची दुसरी लाट मोठी होती, आणि टीकाकारांच्या रोषास मुख्यतः तीच पात्र झाली. फ्लॉरिडांतील क्रीड, मिसिसिपींतील थ्री डोअर्स डाऊन, आणि अल्बर्टा प्रांतांतील हॅना या जेमतेम तीन हजार वस्तीच्या गांवचा निकलबॅक हे त्यांतले प्रमुख. क्रीडच्या पहिल्या अल्बमचें मूळ ध्वनिमुद्रण सुमारें ६,००० डॉलरांत झालें होतें. गरिबींत जन्मल्यानें गाणें अस्सल होत असेल, तर थोडा हक्क त्यांचाही पोंचतो. त्यांच्या ‘ह्यूमन क्ले’ (१९९९) या अल्बमच्या एकट्या अमेरिकेंत एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. निकलबॅकचा ‘सिल्व्हर साइड अप’ ११ सप्टेंबर २००१ या दुर्दैवी दिवशींच प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील ‘हाऊ यू रिमाइंड मी’ हें गाणें त्या दशकांत अमेरिकन रेडिओवर सर्वांत अधिक वाजलें.

याचें कारण केवळ लोकांच्या अभिरुचींत शोधूं नये. १९९६ सालीं अमेरिकेनें दूरसंचाराचा नवा कायदा केला. तोंपर्यंत एका मालकास देशभरांत चाळीसच रेडिओ केंद्रें बाळगतां येत. ती मर्यादा उठली, आणि थोड्याच वर्षांत एका कंपनीकडे १,२०० च्या आसपास केंद्रें गोळा झालीं. एका कचेरींतून शेंकडों गांवांचीं गाणीं ठरूं लागल्यावर, कोठेंही न खटकणारें गाणें तेंच उत्तम ठरणार, हें उघड आहे. ऐकणाऱ्यानें केंद्र बदलूं नये, एवढीच त्या गाण्याकडून अपेक्षा. पुढें कोणा उद्योगी माणसानें निकलबॅकचीं दोन गाजलेलीं गाणीं घेऊन एक डाव्या कानांत व दुसरें उजव्या कानांत असें एकदम वाजवून दाखविलें. कडव्याशीं कडवें आणि ध्रुवपदाशीं ध्रुवपद जुळलें. लोक हंसले. मीही हंसलों होतों.

परंतु ‘नक्कल’ हा शब्द आपण शिवीसारखा केव्हांपासून वापरूं लागलों? इंग्रजी साहित्यापुरतें बोलावयाचें तर एक ठळक साल सांगतां येतें. १७५९ मध्यें एडवर्ड यंग या वृद्ध कवीनें स्वतंत्र रचनेविषयीं एक निबंध पत्ररूपानें प्रसिद्ध केला. अस्सल कृति वनस्पतीप्रमाणें आंतून वाढते, अनुकृति ही कारागिराच्या हातची घडण असते, असा त्यांतला आशय. पुढें रोमँटिक कवींनीं या वनस्पतीला पाणी घातलें, आणि सिॲटलचीं पोरें, त्यांस यंगचें नांवही ठाऊक नसतांना, त्याच झाडाचीं फळें खात होतीं. लायनेल ट्रिलिंग यानें आपल्या १९७२ च्या ग्रंथांत एक उपयुक्त भेद केला आहे. प्रामाणिकपणा म्हणजे जें वाटतें तेंच बोलणें. अस्सलपणा ही त्याहून कडक मागणी आहे, तींत समाजाची, शिष्टाचाराची, परंपरेची छायासुद्धां खपत नाहीं. पहिली गोष्ट प्रयत्नानें माणसास साधण्याजोगी आहे. दुसरी साधते कीं नाहीं याची मला शंका आहे. आणि ती दुसऱ्याकडे मागण्याचा अधिकार कोणास आहे, याची तर त्याहून मोठी.

खुद्द कोबेनचीच साक्ष घ्या. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ हें त्याचें जगप्रसिद्ध गाणें. १९९४ च्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतींत त्यानें मोकळेपणानें सांगून टाकलें कीं तें रचतांना आपण बॉस्टनच्या पिक्सीज या बँडसारखें गाणें करूं पाहत होतों. आधीं हळू आणि मग एकदम मोठ्यानें, ही चाल त्यांचीच. म्हणजे ज्या छापावरून आपण अस्सल नाणें ओळखतों, तो छापच उसना होता! आणि आपल्याकडे तर उसनवारी ही साधनाच मानलेली आहे. घराण्याची तालीम घेणारा शिष्य वर्षानुवर्षें गुरूचा लगाव, गुरूची तान, फार काय गुरूचा खोकलासुद्धां उचलतो, आणि त्यास कोणी चोर म्हणत नाहीं. अकरा वर्षांचे भीमसेन जोशी घर सोडून गेले, त्याच्या मुळाशीं अब्दुल करीम खांसाहेबांची एक तबकडी होती. दुसऱ्याच्या विरहाची ठुमरी ऐकून एका पोराच्या पायांत चालण्याचें बळ आलें. तो विरह त्या पोराचा होता काय? अर्थात् हा दृष्टांत पुरा बसत नाहीं. घराण्यांत ऋण जाहीर असतें; गुरूचें नांव घेतांना कानाच्या पाळीला हात लागतो. रेडिओच्या बाजारांत ऋण झांकण्याकडेच कल असतो. हें अंतर मी नाकारीत नाहीं.

येथें मला माझी स्वतःची साक्ष काढणें भाग आहे. १९९३ सालीं मी पुण्यांत एम. ए. च्या वर्गांत होतों. परदेशी संगीत केबलवर नुकतेंच दिसूं लागलें होतें. आम्हां चौघां मित्रांत मिळून ‘नेव्हरमाइंड’ची एक कॅसेट होती. आणि मी, सांगतांना लाज वाटते, एप्रिल-मे महिन्यांत चौकटीचा जाड शर्ट घालून डेक्कन जिमखान्यावर हिंडत असें. घामोळ्यानें पाठ भरून जाई, तरी शर्ट सुटला नाहीं. घरीं आईवडील होते, वडिलांची कायमची नोकरी होती, जेवण वेळेवर मिळत होतें; दुःख म्हणावें असें माझ्याजवळ कांहीं नव्हतें. तें मीं सिॲटलहून मागविलें होतें. आणि तरीही तें मला खरें वाटे. कोबेन गेल्याचें वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत वाचलें त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, हें खोटें नाहीं.

आतां त्या दिवशींचा माझा वर्ग डोळ्यांपुढें आणा. ज्याला दुःख नव्हतें त्यानें अस्सल गाणें ऐकलें होतें. ज्याला दुःख होतें त्याच्या वांट्यास नक्कल आली होती. आणि पहिला दुसऱ्यास खरेपणाचा पाठ देत होता.

घरीं येऊन मीं ‘टू बॅड’ ऐकलें. त्यापूर्वीं मीं तें पुरतें ऐकलेंच नव्हतें, ही आणखी एक कबुली. निकलबॅकमधील चॅड व माइक क्रोगर हे भाऊ. त्यांच्या लहानपणीं जवळ नसलेल्या बापावर तें गाणें आहे. सर्व जगानें थट्टा केलेल्या त्या घोगऱ्या आवाजाखालचें पोरकेपण त्यांच्या घरचेंच होतें. उसना होता तो सूर. याच विषयावर ऑरेगॉनमधील एव्हरक्लिअर या बँडचें ‘फादर ऑफ माइन’ हें गाणें आहे. तें १९९७ च्या अल्बमांतलें. त्याचा कर्ता आर्ट अलेक्साकिस याचा बापही तो लहान असतांनाच घर सोडून गेला होता. दोन्ही गाणीं मीं पाठोपाठ ऐकलीं, आणि या संगीतावर माझा खरा आक्षेप काय आहे, तो मला तेव्हां सांपडला.

तो उसनवारीचा नव्हे. माझें म्हणणें असें कीं यांतील पुष्कळ गाणीं वेळेआधींच सांत्वन करूं लागतात. ध्रुवपद ठरल्या क्षणीं उसळतें, मग कडव्यांत सांगावयाचें तें सांगून झालेलें असो वा नसो. अलेक्साकिसच्या गाण्यांत वाढदिवसाच्या कार्डाबरोबर आलेल्या पांच डॉलरांच्या नोटेसारखा क्षुद्र तपशील आहे, आणि त्या तपशिलाची सल शेवटपर्यंत जात नाहीं; मुलगा स्वतः बाप झाला तरी जात नाहीं. ‘टू बॅड’च्या पहिल्या कडव्यांतही असें कांहीं आहे. शेतांतल्या कामानें मळलेले बापाचे हात आहेत, खाणावळींत लोकांना वाढणारे आईचे हात आहेत. हे हात पाहून मी दचकलों. परंतु ध्रुवपद आलें मात्र, आणि बाजारांत तयार मिळणारे हळहळीचे शब्द सुरू झाले. हात दिसेनासे झाले. क्रीडच्या गाण्यांत तर क्षितिज इतक्या वेळां उजळतें कीं अंधाराला टिकावयास सवडच मिळत नाहीं. उसनें घेतल्यानें गाणें खोटें होत नाहीं. उसन्या सुरानें आपलें स्वतःचें बोलणें मध्येंच तोडलें, तर तें अपुरें राहतें. आणि याला सिॲटलचे अस्सल म्हणविणारेही अपवाद नाहींत. त्यांच्यापैकीं कित्येकांचें दुर्बोध पुटपुटणें हेंही, नीट ऐकलें तर, न बोलण्याची एक सोईस्कर रीत होती.

ज्या वाचकांस हें संगीत ऐकून पाहावेंसें वाटेल त्यांनीं आरंभ कोठून करावा, तें सांगतों. फाटक्या गिटारीची संवय नसलेल्या कानांनीं प्रथम निर्वाणाचा ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ ऐकावा. नोव्हेंबर १९९३ मध्यें न्यूयॉर्कला साध्या गिटारींवर झालेला हा कार्यक्रम १९९४ मध्यें अल्बमरूपानें निघाला. गोंगाट काढून घेतल्यावर मागें काय उरतें, तें त्यांत कळतें. मग फू फायटर्सचें ‘एव्हरलाँग’ (१९९७) आणि लाइव्हचें ‘लाइटनिंग क्रॅशेस’. नंतर सिल्व्हरचेअरचे ‘फ्रॉगस्टॉम्प’ व ‘डायोरामा’ एकाच आठवड्यांत ऐकावेत. मूल मोठें होतांना ऐकूं येतें. क्रीडचें एक गाणें पुरे. कडव्यांतून ध्रुवपदांत शिरतांना जो क्षण असतो, बहुधा ड्रमच्या दोन ठोक्यांचा, त्याकडे लक्ष ठेवावें. तेथें गाणाऱ्याचा कस लागतो. आणि शेवटीं तीं दोन बापांचीं गाणीं मीं ऐकलीं तशीं पाठोपाठ ऐकावींत.

दिवाळीच्या सुटीनंतर तो विद्यार्थी मला ग्रंथालयाच्या जिन्यावर भेटला. मीं त्याला थांबवून सांगितलें कीं, मीं तें गाणें ऐकलें. त्या दिवशीं मी न ऐकतां बोललों होतों. तो संकोचला. “नाहीं सर, तसें कांहीं नाहीं,” एवढेंच म्हणाला. मग मीं माझा आक्षेपही त्यास सांगितला. मास्तरकीची खोड जात नाहीं. पहिलें कडवें चांगलें आहे, पण ध्रुवपदाशीं गाणें पडतें, असें कांहींसें मी बोललों.

“ध्रुवपद मी ऐकतच नसें, सर,” तो म्हणाला. “त्या हातांचें कडवें झालें कीं मी गाणें पुन्हां पहिल्यापासून लावत असें.”

त्याचे वडील मोटार-दुरुस्तीच्या गॅरेजांत कामाला होते, हें मला त्यानंतर कळलें.